मशीन हातचा घेत नाही

मी हँडलवरचा हात काढला आणि सरांनी शिपायाला हाक मारली. "गणपत, ते आण." गणपतनं कपाटामागची बाटली काढली, फडक्यावर उपडी केली आणि मी आत्ताच फिरवलेलं हँडल गोमूत्रानं पुसलं. मग खिट्ट्या. मग चाकं. फडकं चाकांत शिरेना, तर त्यानं बाटली तिथंच तिरकी केली. मी हातभर अंतरावर उभा होतो. आठ पोरं बघत होती. एकजण हसला. बाकीच्यांना हसण्यासारखंही काही वाटलं नाही. रोजचंच काही चाललंय असं बघत होती.

"झालं," सर म्हणाले. "आता श्रीकांत, तू बस."

अमरावतीच्या कॉलेजात मी गणिताच्या एम.एस्सी.ला होतो. साठ सालानंतरची गोष्ट. मशीन म्हणजे हिशेबाचं मशीन. लोखंडी, टाइपरायटरएवढं. खिट्ट्या सरकवून आकडा लावायचा, हँडलचा एक फेरा द्यायचा, बेरीज खालच्या चाकांवर उमटते. विभागात एकच होतं. दर गुरुवारी प्रत्येकाची पाळी. गणितं सोडवायची, जर्नलमध्ये लिहायची, सरांची सही घ्यायची. शेवटच्या पानावर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे.

आणि मला बसायचं होतं. पहिला वर्ग काढायचा होता. मुंबईत कुठल्याशा संस्थेत कॉम्प्युटर आलाय, खोलीभर आहे, तो चालवायला गणिताची एम.एस्सी. झालेली पोरं घेतात, असं मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. ते पान मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा गेलो तर मासिक बदललेलं. मला तिथं जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

सर शिकवायचे उत्तम. हे सांगताना माझी जीभ आजही जड होते, पण खरं आहे. इंग्रजी पुस्तकं मागवायचे. एखादं अवघड सूत्र फळ्यावर असं उलगडायचे की अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, ज्याच्या डोक्यात एवढा उजेड आहे तो माणूस असला कसा असेल? केवढा मूर्ख होतो मी.

दर गुरुवारी तेच. माझी पाळी शेवटून दुसरी, श्रीकांतच्या आधी. श्रीकांत वकिलाचा मुलगा. माझी पाळी झाली की बाटली.

दिवाळीत अकोल्याला घरी गेलो. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. छप्पन साली आम्ही बुद्धाचे झालो तेव्हा त्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं मोर्णा नदीत सोडले होते. मी सगळं सांगितलं. बापानं विडी विझवली.

"मशीनले जात कायची रे? माहा हात जिनमंदी कोपरापर्यंत सोलला, तवा तिनं इचारलं का, तू कोन म्हून?"

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तू शिकून राहिला ना? मंग शिक. काई बोलू नको. कागद घेऊन ये घरी."

मला ते पटलं नाही. पण मी ऐकलं. पुढचे तीन महिने दर गुरुवारी दात आवळून भिंतीला टेकून उभा राहिलो. कपाळाची शीर ठणकायची. रात्री स्वप्नात मी सरांचा गळा दाबायचो आणि ते शांतपणे सूत्र समजावत राहायचे.

फेब्रुवारीत एका गुरुवारी माझी बेरीज चुकली. मी दोन हजार नऊशे नव्व्याण्णवात एक मिळवला होता. तीन हजार यायला हवे. मशीननं दोन हजार नऊशे नव्वद दाखवले. पुन्हा केलं. तेच. नऊचं चाक शून्यावर आलं, पण शेजारच्या चाकाला ढकलेना. कागदावर बेरीज करताना आपण म्हणतो ना, हातचा एक? तो एक पुढच्या चाकाला द्यायचा खटका आत अडकला होता.

मी उठून म्हणालो, "सर, मशीन हातचा घेत नाही."

सरांनी वर पाहिलंही नाही. "तुझ्या हातचं ते घेणारच नाही."

वर्ग फुटला हसून. गणपतही हसला. तो आमच्याच अकोल्याशेजारच्या गावचा, परटाचा. तोही हसला. मला त्या सगळ्यांपेक्षा त्याचा राग आला.

मी त्या दिवसापासून मशीनवर एक फेरा द्यायचो आणि उत्तर कागदावर काढायचो. पानंच्या पानं हातानं. बाकीच्यांनी मशीननं दिलं ते लिहिलं. त्यांच्या आठ जर्नलांत एकच चुकीची उत्तरं. त्यांना सरांची सही. माझी उत्तरं वेगळी, म्हणून माझ्या पानांवर लाल रेघ. बरोबर उत्तरावर लाल रेघ! एम.एस्सी.च्या वर्गात! मी सरांना हातानं केलेली आकडेमोड दाखवायला गेलो. त्यांनी कागद हातात घेतला नाही, टेबलावर ठेव म्हणाले, आणि तसाच राहू दिला.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येणार होते. तेव्हा कुठं सरांनी स्वतः मशीन फिरवून पाहिलं. पाच मिनिटं फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. "यानं नासवलंय," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी खोली रिकामी होती. मी सायकलवाल्याकडून पेचकस आणला आणि मशीनचं झाकण उघडलं. आत गंज. लाल, ओला, खरवडून निघेल असा. खटक्याची स्प्रिंग गंजून चाकाला चिकटलेली. पाच महिन्यांचं गोमूत्र. मला शोधायचं काहीच नव्हतं. नाक जवळ नेलं तरी कळत होतं. मी हसलो. एकटाच मोठ्यानं हसलो.

तेवढ्यात दार उघडलं. श्रीकांत, मागे आणखी दोघं, मागे गणपत.

"चोरून उघडतो का रे? आधी मोडलं, आता पुरावा लपवतो?"

मी म्हणालो, "ये इकडं. आत पाह्य. हे तुमच्या बाटलीनं झालं."

श्रीकांतनं मागून केस धरले आणि माझं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. रक्ताची चव खारट, गरम. दुसऱ्यानं पोटात लाथ मारली. मी वाकलो. त्यांनी माझा उजवा हात ओढून टेबलावर पसरला. गणपतनं मनगट धरलं. श्रीकांतनं फळ्यापाशी ठेवलेली सागवानी मोजपट्टी घेतली. जाड, दोन हात लांब. तिच्या धारेनं मारलं. एक, दोन, तीन. तिसऱ्याला आवाज आला. ओली काडी मोडल्यासारखा. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पण डावा हात मोकळा होता. त्यात पेचकस होता. मी पेचकस टाकला. हे मी आजही स्वतःला बजावून सांगतो, की मी तो टाकला. आणि मूठ मारली. श्रीकांतच्या तोंडावर, होती नव्हती ती सगळी ताकद लावून. त्याचा पुढचा दात गेला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आज नाही, मरताना होणार नाही.

दारात सर उभे होते. कधीपासून, माहीत नाही.

"पुरे," ते म्हणाले. "मशीनला धक्का लागेल."

मोडलेल्या बोटांना इर्विन दवाखान्यात कामट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य मऊ बोलणारा माणूस. सर शेजारी बसलेले, पांढरा कोट, वर खिशात पेन. टेबलावर माझं जर्नल आणि एक कागद. कागद आधीच लिहून ठेवला होता. मी हलगर्जीपणानं विभागाचं मशीन नासवलं, सहाध्यायाला मारहाण केली, क्षमा असावी.

"खाली नाव लिही," प्राचार्य म्हणाले. "सर जर्नलवर सही करतील. परीक्षेला बस. विषय संपला."

मायचा आवाज कानात आला. कागद घेऊन ये घरी. मुंबईची ती खोली डोळ्यांपुढं आली, जिच्यात मी कधी गेलो नव्हतो. एक सही. बस, एक सही. माझा डावा हात खरंच पेनाकडे गेला. लपवत नाही. मी सही करणार होतो.

सरांना वाटलं, मी अडखळतोय तो हातामुळे. त्यांनी शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं.

"लिहिता येत नसेल तर अंगठा उमटव. तुमच्यात चालतं ते."

डोक्यात काहीतरी तडकलं. माझ्या आज्यानं, पणज्यानं, त्यांच्या सगळ्या पिढ्यांनी कुणी पुढं केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठे उमटवले होते. मला वाचता येत होतं. कलनशास्त्र येत होतं. आणि हा माणूस, ज्यानं मला ते शिकवलं, तो माझा अंगठा मागत होता.

मी पॅड उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. कानावर लागलं. निळी शाई कोटावर सांडली. प्राचार्य उठून उभे राहिले. मी माफीनामा उलटा केला. डाव्या हातानं पाठीमागं लिहिलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं, पण आलं. "मशीन गोमूत्रानं गंजलं. सरांच्या सांगण्यावरून पाच महिने ओतलं. आठ जर्नलांतली उत्तरं चूक आहेत, माझी बरोबर आहेत. माझी बोटं या खोलीशेजारच्या खोलीत मोडली." खाली पूर्ण नाव. बापाचं नाव. आडनाव.

प्राचार्यांनी वाचलं. कागद खणात टाकला. मग म्हणाले, "हे वर्ष गेलं तुझं. नागपूरला जा. मी पत्र देतो, तिथं प्रवेश मिळेल. तुझंच भलं आहे."

"मी नागपूरले जात नाही," मी म्हणालो. "जून महिन्यात इथंच येतो."

अकोल्याला गेलो तेव्हा माय तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "वरीस गेलं ना रे." मी म्हणालो, "गेलं." 

जूनमध्ये मी पुन्हा नाव घातलं. बोटं वाकडी जुळली होती, पण पेन धरत होती. कॉलेजला मला नाकारायला कारण सापडलं नाही, कारण त्या कागदावरचा मजकूर मी विद्यापीठालाही लिहून पाठवला होता. पहिल्या तासाला मी पहिल्या बाकावर बसलो. सर आत आले. नवी पोरं खडबडून उभी राहिली. सरांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं.

मी उठलो नाही. डिग्री हातात पडेपर्यंत मी त्यांच्यासाठी एकदाही उठणार नव्हतो, आणि डिग्री घेतल्याशिवाय त्या बाकावरून हलणारही नव्हतो.