मोह आणि मार्चअखेर

आमच्या गावात फाल्गुन लागला की मोहाच्या झाडाखालचा पाला जाळतात. फुलं पहाटे गळतात आणि पाल्यात दडतात. जमीन जाळून मोकळी केली की लांबूनही दिसतात. मागच्या वर्षी अशीच एक आग जंगलात शिरली आणि वारा फिरल्यावर पार आमच्या गोठ्यांपर्यंत आली. ती कोणाच्या झाडाखालची, हे गावात कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? त्या सकाळी सगळ्यांनीच पाला पेटवला होता आणि आपली आग विझली असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

यंदा वणव्यासाठी सरकारी निधी आला. गाव आणि जंगल यांच्यामध्ये पट्टा साफ करून जाळरेषा काढायची, पाला झाडायचा, अर्धवट जळालेली धोक्याची झाडं पाडायची. मी वन समितीचा अध्यक्ष. म्हणजे बैठकीची सतरंजी अंथरणारा मी आणि गुंडाळणाराही मीच. निधी आला याचा मला मनापासून आनंद झाला. एकच घोळ होता. काम मार्चअखेर संपवायचं, नाहीतर पैसा परत. आणि मोह गळतो तोही मार्चमध्येच. हे सरकारी वर्ष ज्याने ठरवलं, त्याने मोहाचं झाड जन्मात पाहिलं नसावं.

धोक्याच्या झाडांत पहिलंच निघालं माझ्या काकूचं. काका गेल्यापासून ती एकटी राहते आणि घरामागच्या या मोहाची फुलं विकूनच तिचा उन्हाळा निघतो. बुंधा एका अंगाने जळलेला, सगळा भार कौलांवर झुकलेला.

“माय, वारा सुटला तर घरावर येईल,” वनरक्षक म्हणाला.

“येऊ दे ना बाप्पा. फुलं येऊन राहिले, आत्ताच काहून पाडता?”

त्याला हुकूम सोडता आला असता. तो ओसरीवर बसला, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, “महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाडू. तोवर या घरात झोपू नका.” असा माणूस सरकारी खात्यात टिकला कसा, याचं मला अजून नवल वाटतं.

काकूला मी आमच्या घरी आणलं. पण पहाट झाली की ती टोपली घेऊन त्याच झाडाखाली हजर. मी ओरडलो तर म्हणायची, “तू अध्यक्ष होय का पोलीस होय?” एक मात्र झालं. यंदा तिने पाला जाळला नाही. खराट्याने झाडायची, वाकून वाकून, कंबर धरून.

शेवटच्या दिवशी दोर बांधून झाड मोकळ्या बाजूला पाडलं. बुंधा आतून पोकळ निघाला, खालपासून वरपर्यंत कोळसा झालेला. मागच्या वर्षी विझली असं वाटलेली आग तिथेच दबून राहिली होती, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं. काकूकडे न बघता सगळे एकदम कामाला लागले, कोणी दोर गुंडाळायला, कोणी फांद्या ओढायला. मला गावाचा फार अभिमान वाटला.

फांद्यांवर अजून फुलांचे घोस होते. शेजारणीने काकूसाठी ते तोडायला हात घातला, तशी काकू म्हणाली, “मोहाचं फूल कोणी तोडते का? गळू द्या त्याचं त्याले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या अंगणात आली. टोपलीत तळाशी फुलं होती, ताजी, ओली.

“पडलं तरी देऊन राहिलं रे,” ती म्हणाली. टोपली माझ्या हातात दिली आणि तिथेच खाली बसली. “अन् म्या जाळलं त्याले.”