पंच जेवला कुणाकडं?

देशोदेशीच्या जंगलांचं धोरण ठरवणाऱ्या समितीवरचा साहेब मी पहिल्यांदा पाहिला तो शाहूपुरीत, एका लाकूड ठेकेदाराच्या बंगल्यात, तांबडा रस्सा ओरपताना. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गडी हटत नव्हता. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडच्या डोंगरांचं काय करावं, याचा सल्ला तो सरकारला देणार होता. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून ठेकेदारानं मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं.

जेवताना साहेबानं मोकळेपणी सांगितलं, की लाकूड कापायच्या यंत्रांच्या कंपनीत त्याची भागीदारी आहे. ठेकेदाराला यंत्रं हवीच होती. म्हणजे सल्ला देणारा हाच, यंत्रं विकणारा हाच, आणि ती घेणारा याचा यजमान. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मला दोघांचाही संताप आला, आणि हातातल्या त्यांच्याच चहाचाही.

दुपारी मोटारीनं आम्ही नेसरीपलीकडच्या एका गावी गेलो. गावचा डोंगर लोकांना बंद करून लाकूडतोडीसाठी ठेकेदाराला द्यावा, असं साहेबाचं जवळजवळ ठरलेलंच होतं. त्याच डोंगरावर गावची गुरं चरत, बायका हिरडा वेचून विकत, चुलीचं जळणही तिथलंच. सगळं गाव देवळापुढं जमलं होतं. साहेबानं सुरुवात केली, की तो कुणाच्याच बाजूचा नाही, दोन्हीकडचं ऐकून निवाडा देणार आहे. मी ते मराठीत सांगितलं.

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "निवाडा देनार म्हंजे पंचच की. मग पावणं, आज जेवलासा कुणाकडं?"

साहेबानं खुशीत ठेकेदाराकडं बोट दाखवलं आणि रश्श्याची तारीफ केली. म्हातारी हसली नाही.

"आमच्यात पंच आपली भाकरी बांधून येतोय. निवाडा हुईस्तवर कुणाच्या घरचं पाणीबी पीत न्हाय. ह्यास्नी सांगा, ज्येच्यात जेवलासा त्येच्याच घरची भांडणं मिटवा. आमच्या डोंगराचं बोलू नगासा."

ठेकेदार माझ्या कानाशी लागला. "बाई, गाव स्वागत करतंय म्हणून सांगा की. त्येला काय कळतंय?"

मला कळत होतं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, तोही आवाज चढवून. मग कुणी सांगितलं नसताना यंत्रांच्या भागीदारीची गोष्ट गावाला मराठीत सांगितली. साहेब रश्श्यानं झाला नव्हता इतका लाल झाला. मोटार मला तिथंच टाकून निघून गेली.

"अन् बाई, तू काय खाल्लंस त्येंच्यात?" म्हातारीनं मला विचारलं.

"चहा घेतला."

"घेतलास तर घेतलास." तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आता हितलं पाणी पी. पन इचार करून पी. प्यालीस की तू आमची."

मी विचार केला. सगळ्यांदेखत तांब्या रिकामा केला.

साहेबाचा सल्ला सरकारकडं गेलाच. डोंगराला कुंपण घालायला माणसं आली, तेव्हा ठेकेदारही बरोबर होता. मला पाहून म्हणाला, "बाई, हितं दुभाष्याचं काय काम?"

"दुभाषी होऊन नाही आले," मी म्हटलं, आणि पायवाट अडवून बसलेल्या बायकांत म्हातारीशेजारी जागा करून घेतली.