चार क्लच वायरी

सुप्याच्या फाट्यावर मी सकाळी नगरच्या एसटीची वाट बघायचो आणि गावातला एक जण तिथेच, बाभळीखाली, स्कूटर खोलून बसलेला दिसायचा. बागायतदार माणूस, पण पायजम्यावर कायम ऑइलचे डाग. क्लच वायर तुटलेली असायची. काष्टीच्या बाजारात पथारीवर स्वस्तात घेतलेल्या वायरींचं भेंडोळं हँडलला लटकत असे. पक्कडही त्याच पथारीवरची. वायर ओढायला गेलं की ती सटकायची आणि त्याची बोटं सोलायची. मग तो उठायचा, एक फेरी मारायचा, पुन्हा उकिडवा बसायचा. बघून मलाच धाप लागायची.

एकदा न राहवून म्हणालो, "नगरला चांगली वायर मिळते की. ती बसवा ना."

"अन् ती तुटलीच न्हाई, तर ह्या चार कुठं घालू?"



एका सकाळी त्याची बायको सोबत होती. तिचे वडील नगरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. वायर तुटलेलीच. "झालंच, झालंच," म्हणत तो पक्कडीशी झटत होता. ती पदराचं टोक पिळत रस्त्याकडे बघत होती. एसटी आली तशी ती चढली. त्याने मान वर केली तोवर गाडी हलली होती.

"आलोच गं मागनं!" तो ओरडला.

ती माझ्या पुढच्या बाकावर बसली. उगाच धीर द्यायला मी म्हणालो, "येतील हो, लगेच येतील."

"येतील की," मागे न बघता ती म्हणाली, "चारी तुटल्याव."