रिकाम्या नसलेल्या एकतीस खुर्च्या

ब्रेकमास्तरांनी चाळीस वर्षं गावाला गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. गावातली बरीचशी कुत्री आणि निदान दोन पोस्टमन आज त्याच ब्रेकच्या कृपेने हिंडताहेत. निवृत्तीनंतर गाडी गेली, पाय मात्र तसाच राहिला. समोरचा माणूस चुकीचं बोलायला लागला की मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबतो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तर तो इतका दाबला गेला, की जावई अजून विचारतो, "बाबा, तेव्हा तुमच्या पायात गोळा आला होता का?"

गेले तीन आठवडे तो पाय जमिनीवरून उचललाच गेला नव्हता. कारण बंधुसभा.

बंधुसभा म्हणजे एकमेकांच्या अडीनडीला धावून जायची शपथ घेतलेल्या पुरुषांचं मंडळ. दर गुरुवारी सहाला खांद्यावर निळी फीत घालून जमायचं. दारावर तीन ठोके द्यायचे. आतून "कोण?", बाहेरून "बंधू", मग दार उघडायचं. विचारणारा आणि सांगणारा दोघेही दहा मिनिटांपूर्वी बाहेरच्या बाकावर गुडघेदुखीच्या गप्पा मारत बसलेले असतात, पण रीत ती रीत. मास्तरांची बायको आजारी होती तेव्हा याच लोकांनी पाळ्या लावून चार महिने इस्पितळात काढले. ती गेल्यावर घरात "आज उशीर का?" असं विचारणारं कुणी उरलं नाही. तेवढं सभेत विचारतात. गुरुवार गेला तर मास्तरांच्या आठवड्यात नुसतेच वार उरणार होते.

आणि तो जायला निघाला होता. मध्यवर्ती सभेचं पत्र आलं होतं: महिनाअखेर पंधरा बंधू नसतील तर सभा बंद, किल्ल्या परत. बंधू होते नऊ. नऊ जणांचं वय मिळून सातशेच्या घरात.

"तरुण माणसं आणली पाहिजेत," मास्तर सभेत म्हणाले. "सहकुटुंब बोलवू. संध्याकाळी पाचला. पोरंबाळं येऊ देत."

"पोरं आवाज करतात," अध्यक्ष म्हणाले. हे निवृत्त मोजणीदार. उभं आयुष्य लोकांच्या हद्दी ठरवण्यात गेलेलं.

"मागच्या गुरुवारी आपल्यातले तिघं घोरत होते. तो काय बासरीचा कार्यक्रम होता?"

"आणि बायका आल्या तर सभेची गुप्तता?"

"अहो, आपल्याकडे गुप्त काय उरलंय? खजिनदारांच्या कवळीबद्दलसुद्धा गावाला माहीत आहे."

खजिनदारांनी घाईघाईने तोंड मिटलं आणि ठराव पास झाला.

मास्तरांनी जुन्या वहीतून एकेक शिष्य शोधून फोन केले. "मास्तर, परवाना रद्द झाला की काय?" अशी बहुतेकांची सुरुवात. मुलीलाही फोन केला.

"लहानपणी मी आणि आई त्या पायरीवर बसून असायचो, बाबा. तुमची सभा सुटेपर्यंत. पावसातसुद्धा."

"म्हणून तर म्हणतोय, आता आत ये."

"तीस वर्षांनी आमंत्रण. बरं, येते."

मास्तरांनी पंखे दुरुस्त करून घेतले. पोरांसाठी रंगीत खडू आणले, बिस्किटं आणली, प्रसाधनगृहाची कडी स्वतः बसवली. एवढ्या तयारीत एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही.

बरोबर पाचला दारावर तीन ठोके पडले, मग आणखी तीस, कारण ठोके देणारा मास्तरांचा नातू होता. दार उघडलं. सव्वीस माणसं आत आली आणि आल्या जागी उभी राहिली.

दालनात खुर्च्या चाळीस. नऊ खुर्च्यांवर बंधू बसलेले आणि एकतीस खुर्च्यांवर निळ्या फिती. गेलेल्या बंधूची फीत वर्षभर त्याच्या खुर्चीवर ठेवायची असा नियम. वर्ष संपल्यावर ती कुणी उचलायची, हे नियमात नव्हतं. आपल्या हाताने उचलायचा धीर कुणाला झाला नाही, आणि मग ती सवयच पडली.

दिवस भरत आलेली एक मुलगी नवऱ्याचा हात धरून एका खुर्चीकडे वळली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ती खुर्ची रिकामी नाही."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. अध्यक्षांनी सभेचा इतिहास सुरू केला. नऊ म्हातारे बसलेले आणि तरणी माणसं कडेवर पोरं घेऊन उभी. पंधरा मिनिटांनी एक जण कानाशी आला, "मास्तर, जरा काम आठवलं." मग दुसऱ्याला आठवलं. मग कामांची साथच आली. मास्तर दाराशी जाऊन अक्षरशः हात जोडत होते, "पाच मिनिटं थांबा रे." माणसं त्यांची नजर चुकवून चपला शोधत होती.

मास्तर परत फिरले आणि त्या खुर्चीवरची फीत त्यांनी उचलली. ती गेलेल्या बंधूंपैकी कंपाउंडरची होती.

"ठेवा ती खाली," अध्यक्ष म्हणाले.

"माझ्या बायकोला यानं तीन जिने पाठुंगळीवर उतरवलं होतं. ही पोर उभी असताना हा बसून राहिला असता का, साहेब?"

ती मुलगी बसली. पण तोवर सव्वीसांतली सात माणसं उरली होती. त्यातल्या दोघांनी अर्जावर सही केली, एकाने तर बहुधा मास्तरांचा चेहरा बघवेना म्हणून. नऊ आणि दोन अकरा. मास्तरांच्या मुलीने पोराचे खडू गोळा केले आणि बाबांच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना न विचारता मास्तरांनी सगळ्या फिती पिशवीत भरल्या. ज्याची त्याच्या घरी पोचवायची, म्हणजे खुर्च्या मोकळ्या होतील. आणि त्या घरांतून चार तरणी माणसं मिळतील, हा हिशेबही मनात होता. कोरे अर्ज खिशात होते.

पहिलं घर कंपाउंडरचं, दोन गल्ल्या सोडून. वहिनींनी दार उघडलं आणि फीत हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"जपून ठेवलीत हो, भावजी."

"दर गुरुवारी पुसायचो खुर्ची, वहिनी."

"सहा वर्षं झाली. खुर्ची पुसायला दर गुरुवारी गेलात. इकडे एकदासुद्धा आला नाहीत. तुम्ही नाही, कुणीच नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पोराने एकट्याने सगळं केलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. मास्तर चाचरत म्हणाले, "त्याच्याशिवाय या घरात यायचं म्हणजे... जमेना."

"मला राहायला जमलं," वहिनी म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

मुलगा बाहेर आला. पस्तिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. मास्तरांनीच त्याला गाडी शिकवली होती. बारावा बंधू समोर उभा होता. मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काही काम होतं का, मास्तर?"

"नाही रे. असाच आलो."

वहिनींनी आणलेलं पाणी मास्तरांनी संपवलं. ऑपरेशन कसलं होतं, ते विचारलं. आता काही त्रास होतो का, तेही विचारलं. तासभर बसले. अर्ज काही खिशातून निघाला नाही.

"घरी सोडू का? गाडी काढतो," मुलगा म्हणाला.

"नको. अजून तीस घरं आहेत," मास्तर म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. मुदतीला अकरा दिवस उरले होते.