माझी पाळी संपल्यावर

देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतंच, आणि बाबा गेल्यावर तर अबोलाच धरला होता. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आई आणि मी पाळीपाळीने त्यांच्यापाशी जागायचो. ते गेले ती पहाट माझ्या पाळीची होती, आणि माझा डोळा लागला होता. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रात्र झाली की मी नुसती बसून राहायचे.

यंदा आईने नर्मदा परिक्रमा धरली. तिला एकटीला पाठवायला मन होईना, म्हणून मी सोबत गेले. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून ती समुद्राला मिळते तिथे नावेतून लांब वळसा घालावा लागतो. वाटेत ओहोटी लागली. नावाड्याने नांगर टाकला आणि "पानी चढ़े तो आवाज़ देना" म्हणत तो आडवा झाला. आम्ही परिक्रमावासींनी जागायच्या पाळ्या लावल्या. माझी संपली तरी मी आईचा पदर मनगटाला बांधून नावेच्या काठाशी बसूनच राहिले.

पुढची पाळी तुकईथडच्या एका आजींची होती. रात्रभर त्या मला बघत असाव्यात.

"काय बेटी, तुझ्या जागण्यावर तरंगते का ही नाव?"

"मला झोप येत नाही, आजी."

"येईल ना. मैया काय तुला विचारून वाहते?"

त्यांनी माझ्या मनगटाची गाठ सोडली, आईचा पदर आपल्या मनगटाला बांधला आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. लुगड्याला धुराचा वास होता. खालून पाणी नावेला हलकेच थोपटत होतं, आणि मला वाटलं, लहानपणी तापात बाबा असेच थोपटायचे. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. आजी बसल्या जागी झोपल्या होत्या. आई, नावाडी, सगळेच झोपले होते. भरती कधीच चढली होती. नांगराचा दोर ताणला होता, नाव संथ डुलत होती, आईच्या उशाशी नर्मदाजलाची बाटली तशीच उभी होती. मी भीतीची वाट पाहिली. ती आलीच नाही.

आजी दचकून उठल्या. "कोणाला सांगू नको हां! डोळा लागला माझा."

मला हसू आलं, मग रडू. आईला उठवून मी बाबांच्या त्या पहाटेचं सांगितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "किती थकली होतीस तू."

आता मला झोप येते. डोळे मिटताना मी मैयाला एवढंच म्हणते, माझी पाळी संपली. त्या पहाटे डोळा लागला तेव्हाही ती संपलीच होती. बाबांपाशी पुढे कोण बसलं, ते मी आता विचारत नाही.