निळे हूक

कमरुन्निसा आपा छावणी भागात माझ्या शेजारी राहतात. नवरा गेल्यावर त्या घरी कानातले बनवायला लागल्या. मणी तर सगळ्याच बायका ओवतात, आपांचा हात धातूवर चालायचा. पितळी हूक आणि कड्या घासून लख्ख करायच्या, ब्रशनं रंगाचे पातळ थर द्यायचे आणि वाळल्यावर वरून पारदर्शक लॅकर लावायचं, म्हणजे रंग उडत नाही. हुकाचा कानात जाणारा भाग मात्र त्या कोरा ठेवायच्या.

श्रावणाच्या तोंडावर मीच म्हणाले, "आपा, हूक अख्खा निळा केला तर किती छान दिसेल!"

त्यांनी केला. खरंच मोरासारखा दिसला. वेरूळच्या मंदिराजवळ दुकान लावणाऱ्या मनकर्णाबाईंकडे साठ जोड गेले आणि सोमवारच्या गर्दीत बरेचसे खपलेही.

दोन आठवड्यांनी मनकर्णाबाईंचा फोन आला. "आपा, लई वाईट झालं. आमच्या शेजारच्या सांडूबाबाच्या नातीचे कान पिकलेत. तुमचेच हूक व्हते."

आम्ही लगेच निघालो. पोरगी सात वर्षांची. दोन्ही पाळ्या सुजून तट्ट झालेल्या, त्यातून पू येत होता. हूक डॉक्टरांनी कापून काढले होते. आपांना बघताच ती आजोबांच्या मागं लपली. सांडूबाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "नुकतेच टोचले व्हते कान. तिलाच आवडला व्हता तो निळा रंग."

घरी आल्यावर आपांनी एका कानात निळा हूक घातला, दुसऱ्यात कोरा. मी नको नको म्हणत होते.

"मला कळलं पाहिजे, रूपा."

चौथ्या दिवशी निळ्या हुकाचा कान लाल होऊन ठणकायला लागला. हूक काढून भिंगाखाली धरला, तर घामानं लॅकर सुटून त्याचे टोकदार पापुद्रे निघाले होते. काही कानातच राहिले असणार.

आपांनी भिंग खाली ठेवलं. "या अल्ला, लेकराच्या कानात मी हे घातलं."

"मी सांगितलं होतं तसं करायला."

"तू बोललीस. हात माझे होते."

उरलेले चौदा जोड मनकर्णाबाईंनी परत दिले. आपांनी ते पकडीनं एकेक तोडले. बाकीचे कुणी नेले?

"जालना, बीड, कुठून कुठून येतात लोकं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नावं कोण इचारतं?"

त्यानंतर आपा दर सोमवारी वेरूळला जाऊन बायकांचे कान बघत उभ्या राहायला लागल्या. तिसऱ्या सोमवारी एक तरुण बाई बसमध्ये चढताना दिसली. कानात निळे हूक. आपा धावल्या. "बेटी, काढ ते, काढ!" म्हणत त्यांनी तिच्या कानाकडे हात नेला.

बाई किंचाळली. तिच्या नवऱ्यानं आपांना ढकललं. "चोर हाय का गं तू?"

मी सांगेपर्यंत बस हलली. आपा पत्र्यावर हात आपटत ओरडत होत्या, "कान दवाखान्यात दाखव!" खिडकीत त्या बाईनं दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकले होते. तिला काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

सांडूबाबांच्या नातीची भोकं बुजली. पाळ्यांवर गाठी राहिल्या. आपांनी रंगाला परत हात लावला नाही. श्रावण कधीच संपला, मंदिराबाहेर आता तेवढी गर्दीही नसते, तरी सोमवारी सकाळी त्या चपला घालून दारात उभ्या असतात. मी त्यांना अडवत नाही. एकटीनं जाऊही देत नाही.