नरसिंहाचं अस्तर

१८ जानेवारी १९८५. सकाळी गाडीला निघण्याआधी मी नरसिंहाच्या मुखवट्याला आतून अस्तर लावलं. कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा जुना झाला होता, आतली कड नाक सोलायची. जुन्या धोतराच्या पट्ट्या घेतल्या, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवल्या आणि मुखवटा अंगणात उन्हाला ठेवला. पिवळा झगा आदल्या दिवशीच शिवून झाला होता.

स्टेशनपासून आमच्या गावाची वाट रुळांच्या कडेनं, बाभळींतून जायची. संक्रांतीनंतर बायका दागिने घालून हळदीकुंकवाला जातात, आणि त्या वाटेवर कुणीतरी गळ्यातलं-कानातलं हिसकून पळत होतं. एका म्हातारीचा कान फाटला. पोलीस जमादार आले, चहा पिऊन गेले. मग पारावर ठरलं, की नरसिंह जयंतीला देवळातून निघतात ती सोंगं संध्याकाळी वाटेवर उभी करायची. चौघांनी सोंग घ्यायचं ठरलं. त्यात माझा नवरा होता.

"चोराला जमादाराचं भ्या न्हाई," तो म्हणाला, "नरसिंहाचं तरी वाटंल."

"घरात उंदीर निघाला की खाटंवर चढतोस," माझी थोरली जाऊ म्हणाली, "अन् चाललास चोर धराया."

"तवा तोंडावर सोंग नसतंय, वैनी."

सोंगाचा एक नेम होता. मुखवटा चढला की बोलायचं नाही. देवळात परत जाऊन उतरवेपर्यंत तो माणूस देव असतो. त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, तोही कुणाला ओळख देत नाही.

मी तेव्हा परभणीत शिवणाच्या वर्गावर शिकवायला जायचे. बुद्धवाड्यातली एक बाई तिथल्याच एका दवाखान्यात आया होती. येताजाता आम्ही एका डब्यात बसायचो. ती वयानं मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे, ती मला बाई. नामांतराच्या दंगलीत तिचं घर जाळलं होतं. जाळणाऱ्यांनी फडक्यांनी तोंडं बांधली होती आणि त्यांच्या हातात टेंभे होते. एकदा डब्यात शेंगा सोलता सोलता तिनं हे सांगितलं होतं. पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. अक्का रात्रपाळीच्या नर्सची नक्कल करत होती आणि मी हसत होते. रुळांखालच्या मोरीपाशी आलो आणि बाभळींमागून चौघं वाटेवर आले. चार मुखवटे, दोन टेंभे. कुणी काही बोललं नाही. आम्हाला गावापर्यंत सोबत करायला आले होते, ते मला ठाऊक होतं. अक्कानं माझा दंड सोडला आणि ती रुळांकडं पळाली.

पारावर ठरलं ते बुद्धवाड्यात कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी हाका मारल्या. चौघं तिला शोधायला निघाले. टेंभे खाली धरून बाभळीत वाकून बघायचे, रुळांवर चढायचे, उतरायचे, आणि सगळं मुकाट्यानं. मालगाडी यायची वेळ झाली होती. मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तोंडावरचं काढा. तिला आवाज द्या. ती तुमचा आवाज ओळखती."

त्यानं मान हलवली आणि देवळाकडं बोट दाखवलं. टेंभ्याच्या उजेडात चारही तोंडं माझ्याकडं वळली. त्यातल्या एकाला मी सकाळी स्वतःच्या हातानं अस्तर लावलं होतं. आत कोण आहे ते ठाऊक असूनही मी मागं सरले.

मालगाडी आली आणि गेली. तेवढा वेळ कुणी हललं नाही. ती रुळावर होती की नव्हती, हे गाडी संपेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. रूळ मोकळे दिसले तेव्हा मी एकाच्या हातातला टेंभा ओढून मातीत विझवला, मग दुसरा.

"जावा तुमी. देवळात जावा."

ते गेले. मी अंधारात उभी राहून म्हटलं, "अक्का, मी एकटीच हाय."

बऱ्याच वेळानं मोरीतून ती वाकून बाहेर आली. लुगडं चिखलानं भरलेलं, एका पायात चप्पल नाही.

"आपल्या आळीतली माणसं होती ती," मी म्हणाले. "चोरासाठी उभी हायत."

"तुमच्या आळीतली," ती म्हणाली. "मंग बोलली का न्हाईत?"

सोंगाचा नेम मी तिला सांगितला. तिनं ऐकून घेतलं. "त्या वक्ताला बी कुणी बोललं नव्हतं, बाई," एवढं म्हणाली आणि घरापर्यंत माझ्यापुढं चार हात अंतर ठेवून चालली.

चोऱ्या त्यानंतर थांबल्या. सोंगांनी चोर पळवला, असं गावात अजून सांगतात. नवऱ्याला मी विचारलं, एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं. "नेम मोडला असता," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. अजून जयंतीला सोंग दाराशी येतं. खळीचा वास आला की मी मुखवट्याकडं बघत नाही, पायांकडं बघते. बोटं ओळखीची निघाली की मगच ओवाळते.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघून मोरीपाशी गेले. चप्पल खडीत पडली होती, अंगठा तुटलेला. पिशवीत दाभण होतं, स्टेशनवर बसून शिवली. गाडी आली तेव्हा अक्का आमच्या नेहमीच्या डब्यात चढली नाही. मी चढले होते, ती पुन्हा उतरून डबे बघत गेले. शेवटच्या डब्यात ती खिडकीशी बसली होती, अनवाणी. मी चप्पल तिच्या पायाशी ठेवली. तिची दुसरी चप्पल पिशवीत होती, ती तिनं काढली. दोन्ही पायात घातल्या आणि बाहेर बघत राहिली. मी समोरच्या बाकावर बसले, वर्गातल्या पोरींचे ब्लाउज काढले आणि काजं करायला घेतली.